पायाखालचा काळा पाषाण काय सांगतो?

'काळ्या दगडावरची रेघ' हा मराठीतील शाश्वततेचा दाखला आहे. जे पुसले जाणार नाही आणि बदलणार नाही, त्याला ही उपमा दिली जाते. सह्याद्रीचे कडे, शिवकालीन दुर्गांच्या तटबंद्या, वेरूळचे कैलास लेणे आणि जुन्या घरांतील पाटा-वरवंटा हे सारे याच काळ्या दगडाचे असल्याने ही उपमा मराठी मनाला सहज पटतेही. भूशास्त्राचा निर्वाळा मात्र वेगळा आहे. हा दगड एकेकाळी तापलेल्या द्रवाच्या रूपाने वाहत होता. तो थिजला, तेव्हा आजच्या महाराष्ट्राची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. त्यानंतर तिने उत्तरेकडे चार हजार किलोमीटरहून अधिक प्रवास केला असून तो अद्याप थांबलेला नाही.

ही केवळ कुतूहलाची बाब नव्हे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर परिसरात आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत जे घडले, त्याने दख्खनचे पठार अचल असल्याच्या समजुतीला हादरा दिला. ती समजूत का चुकीची ठरली, हे समजून घ्यायचे तर आधी खनिज म्हणजे काय, खडक म्हणजे काय आणि या खडकांना पाठीवर घेऊन फिरणारे भूपट्ट कसे सरकतात, हे पाहावे लागते.

खनिज वेगळे, खडक वेगळा

बोलीभाषेत खनिज, खडक आणि दगड हे शब्द सैलपणे वापरले जातात. शास्त्रीय परिभाषेत त्यांत स्पष्ट भेद आहे. निसर्गात तयार झालेला, ठरावीक रासायनिक घटना असलेला आणि अणूंची नियमबद्ध मांडणी असलेला घन पदार्थ म्हणजे खनिज. ताटातील मीठ हे खनिज आहे. गारगोटी, गेरूतील लाल लोहखनिज आणि अंगाला लावायच्या पावडरीतील शंखजिरे हीदेखील खनिजेच. अशी सुमारे सहा हजार खनिजे आजवर ज्ञात आहेत. तथापि भूकवचाचा बहुतेक भाग त्यांपैकी मोजक्याच खनिजांनी व्यापलेला आहे, कारण भूकवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉन या दोनच मूलद्रव्यांचा वाटा वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश भरतो.

एक किंवा अनेक खनिजांचे कण एकत्र बांधले गेले की खडक तयार होतो. चिक्कीत दाणे, तीळ आणि गूळ एकजीव झालेले असले तरी वेगवेगळे ओळखू येतात, तसेच काहीसे येथे असते. ग्रॅनाइटच्या तुकड्यावर पांढरे, गुलाबी आणि काळे ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ती त्यातील निरनिराळी खनिजे होत. महाराष्ट्राच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, असे ठिपके सहसा दिसत नाहीत. त्यातही प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, पायरॉक्सीन आणि थोडे मॅग्नेटाइट ही खनिजे असतात, परंतु त्यांचे कण अतिशय बारीक असतात.

या फरकाचे कारण थंड होण्याच्या वेगात आहे. साखरेचा पाक दिवसेंदिवस सावकाश निवू दिला की खडीसाखरेचे मोठे खडे जमतात. तोच घाईने थंड केला तर बारीक रवा पडतो. ग्रॅनाइट जमिनीखाली अनेक किलोमीटर खोलीवर, लाखो वर्षांच्या अवधीत थंड झाला. बेसाल्टचा लाव्हा पृष्ठभागावर येऊन हवेत उघडा पडला आणि त्या मानाने झटपट निवला. त्यामुळे दगडाचा कण किती मोठा आहे, हे पाहूनच तो कोठे जन्मला याचा अंदाज भूशास्त्रज्ञ बांधू शकतात.

तीन कुळे, एकाच घरात

उत्पत्तीनुसार खडकांची तीन कुळे मानली जातात आणि शहरी घरात ती तिन्ही सहज सापडतात. पाटा-वरवंटा आणि जाते हे बेसाल्टचे, म्हणून अग्निजन्य कुळातील. तप्त शिलारस थंड होऊन हे खडक बनतात. जुन्या घरांतील शहाबादी फरशी ही कर्नाटकातील शहाबाद परिसरातील चुनखडकाची. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळापासून ती तयार झाली, म्हणून ती स्तरित कुळातील. देवघरातील संगमरवर हा मुळात चुनखडकच होता. भूगर्भातील उष्णता आणि दाब यांमुळे त्याची खनिजे नव्याने स्फटिकली आणि त्याचे रूपांतरित खडकात परिवर्तन झाले.

ही कुळे एकमेकांत बदलत असतात. अग्निजन्य खडक ऊन-पावसाने झिजतो, त्याची माती होते, ती नदीबरोबर समुद्रात जाते आणि तिचा स्तरित खडक बनतो. तो खोल गाडला गेला की रूपांतरित होतो आणि आणखी तापला की पुन्हा वितळतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचा आणि कोकणातील चिऱ्यांचा तांबडा जांभा दगड हा या चक्राचा घरातील दाखला. उष्ण आणि दमट हवामानात बेसाल्ट कुजतो, त्यातील विद्राव्य भाग वाहून जातो आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. काळ्या दगडाचा तांबडा दगड होतो तो असा.

लाव्हाचे थर

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्टने झाकलेला आहे. पूर्व विदर्भ, सिंधुदुर्गाचा काही भाग आणि गोव्याचा बहुतांश प्रदेश येथे त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडलेले दिसतात. भंडारा-नागपूरचे मँगेनीज, गडचिरोली आणि गोव्याचे लोहखनिज ही याच प्राचीन खडकांची देणगी आहे. उर्वरित महाराष्ट्र आणि शेजारच्या गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक व तेलंगणाचे काही भाग मिळून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर दख्खनचा बेसाल्ट पसरलेला आहे.

हा लाव्हा फुजियामासारख्या शंकूच्या आकाराच्या पर्वतातून बाहेर पडला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. एक थर निवला की काही काळाने दुसरा त्यावर येई. यांतील बहुतांश उद्रेक दहा लाख वर्षांच्या आतबाहेर आटोपले, असे वयोमापनावरून दिसते. मानवी दृष्टीने हा काळ प्रचंड असला तरी भूशास्त्राच्या दृष्टीने तो अल्पच. पृथ्वीवरून डायनासोर नाहीसे झाले तेही याच सुमारास. मेक्सिकोतील चिक्सुलुब येथे आदळलेली उल्का हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. दख्खनच्या उद्रेकांतून बाहेर पडलेल्या वायूंचा त्यात किती वाटा होता, यावर मतभेद आहेत.

दोन उद्रेकांमध्ये कधी कधी एवढा अवधी जाई की, निवलेल्या लाव्हावर तळी साचत आणि त्यांत जीवसृष्टी नांदू लागे. मुंबईत वरळीच्या टेकडीवर लाव्हाच्या थरांमधील अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. आज जेथे उत्तुंग इमारती उभ्या आहेत, तेथे ज्वालामुखींच्या दोन उद्रेकांमधील उसंतीत बेडूक डरावत होते.

घाटातून प्रवास करताना दिसणारी डोंगरांची पायऱ्यापायऱ्यांची रचना ही या थरांचीच खूण आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, त्याचा ताशीव कडा उरतो. माथ्याचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, तो झिजून सपाटी तयार होते. या खडकांना मिळालेले 'ट्रॅप' हे नावही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. थर निवताना आकसला आणि त्याला नियमित भेगा पडल्या की बहुकोनी स्तंभ तयार होतात. अंधेरीतील गिल्बर्ट हिल हे त्याचे शहराच्या मध्यवस्तीत टिकून राहिलेले उदाहरण होय.

बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे रिकाम्या राहिल्या नाहीत. त्यांत झिरपलेल्या उष्ण पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफिलाइट यांसारखी देखणी खनिजे स्फटिकली. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतील कॅव्हनसाइट हे गर्द निळे खनिज जगभरच्या संग्राहकांना परिचित आहे. ज्या खाणींतून रस्त्यांसाठी खडी निघते, त्याच खाणींतून ही खनिजे संग्रहालयांत पोहोचली आहेत.

सरकणारे भूपट्ट

एवढा लाव्हा आला कोठून, याचे उत्तर पृथ्वीच्या अंतरंगात आहे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर. त्यातील वरचे भूकवच खंडांखाली साधारणतः ३० ते ४० किलोमीटर आणि महासागरांखाली जेमतेम ६ ते ७ किलोमीटर जाड असते. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आणि त्याच्या आत लोह-निकेलचा गाभा. माणसाने केलेले सर्वांत खोल वेधनछिद्र रशियातील कोला द्वीपकल्पावरचे असून त्याची खोली १२ किलोमीटरच्या थोडी पुढे गेली. म्हणजे भूकवचही पूर्णपणे भेदले गेलेले नाही. अंतरंगाविषयीची माहिती प्रामुख्याने भूकंपलहरींच्या अभ्यासातून मिळाली आहे.

प्रावरण म्हणजे उकळता द्रव, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात ते घन आहे. मात्र प्रचंड उष्णता आणि दाबाखाली ते अत्यंत मंद गतीने वाहते. त्यावर भूकवच आणि प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून झालेले, सरासरी शंभर किलोमीटर जाडीचे तुकडे सरकत असतात. त्यांनाच भूपट्ट किंवा प्लेट म्हणतात. मोठे भूपट्ट सात. लहान त्याहून अधिक. त्यांचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण नखे वाढण्याच्या वेगाइतका.

दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तेथे नवा बेसाल्ट वर येतो. आइसलँडमध्ये हे जमिनीवर पाहता येते. अन्यत्र ते महासागरांच्या तळाशी घडते. जेथे ते एकमेकांवर आदळतात, तेथे एक दुसऱ्याखाली जातो किंवा पर्वतरांगा उभ्या राहतात. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रालगत अशाच सीमेवर भूकंप होऊन विध्वंसक त्सुनामी उसळली. काही ठिकाणी भूपट्ट एकमेकांना घासत जातात. कॅलिफोर्नियातील सॅन आंद्रियास प्रस्तरभंग हे त्याचे ठळक उदाहरण.

चुंबकाची साक्ष

खंड सरकतात, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडली. त्यांचे पुरावे बोलके होते, पण खंडांना ढकलणारे बळ कोणते, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलँडच्या मोहिमेत त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुसंख्य भूशास्त्रज्ञ त्यांच्या विरोधात होते. वाद निकालात निघण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले. त्यापूर्वीच्या दशकात जे नवे पुरावे पुढे आले, त्यांत दख्खनच्या बेसाल्टचाही समावेश होता.

हा पुरावा दिला तो बेसाल्टमधील मॅग्नेटाइट या खनिजाने. लाव्हा सुमारे ५८० अंश सेल्सिअसखाली निवू लागला की मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करतात. ही दिशा विषुववृत्ताजवळ क्षितिजसमांतर, तर ध्रुवांकडे तिरपी होत जाते. त्यामुळे कणांचा कल मोजला की खडक कोणत्या अक्षांशावर थिजला, हे काढता येते. १९५० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसाल्टची अशी मोजमापे केली. हा खडक दक्षिण गोलार्धात तयार झाल्याचे त्यांतून दिसून आले. खडक स्वतः जागचा हलला नव्हता; त्याला घेऊन निघालेली भूमी हलली होती.

या प्रवासाच्या पाऊलखुणा हिंदी महासागरातही आहेत. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त स्रोतातून वर आला, तो प्रावरणात खोलवर राहिला आणि भारतीय भूपट्ट त्यावरून उत्तरेकडे सरकत गेला, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्याखालील ज्वालामुखीय कटक आणि पुढे मॉरिशस अशी उत्तरोत्तर वयाने लहान होत जाणारी रांग तयार झाली. तिच्या टोकाला असलेल्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही वारंवार उद्रेक पावतो. सह्याद्रीला जन्म देणारी चूल विझलेली नाही. सह्याद्रीच तिच्यापासून दूर आला आहे.

पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्टावरील भूखंड आशियाला भिडला. मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ चुरगळून वर आला आणि हिमालय उभा राहिला. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकात सागरी जीवांचे अवशेष सापडतात, ते यामुळेच. टक्कर होऊनही भारताचे ढकलणे थांबलेले नाही. आजही तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत आहे.

पठाराच्या पोटातील ताण

भूकंप भूपट्टांच्या सीमांवर होतात आणि दख्खनचे पठार अशा सीमेपासून दूर आहे. त्यामुळे ते सुरक्षित आहे, असे पूर्वी मानले जाई. यात एक गोष्ट दुर्लक्षिली गेली. टेबल भिंतीला लावून मागून रेटले, तर ताण केवळ भिंतीजवळच्या कडेला येत नाही. तो संपूर्ण टेबलात पसरतो आणि लाकडात जुनी चीर असेल तेथे प्रकट होतो. हिमालयाशी झालेल्या टकरीचा ताण अशाच रीतीने भूपट्टाच्या अंतर्भागात साठतो आणि प्राचीन खडकांतील जुन्या प्रस्तरभंगांवर मोकळा होतो.

या जुन्या भेगा बेसाल्टच्या चादरीखाली झाकलेल्या आहेत. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे वेधनछिद्र घेण्यात आले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटसदृश पुरातन खडक लागला. किल्लारीत भूकंपानंतर घेतलेल्या वेधनछिद्रात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर आढळली. म्हणजे पश्चिमेकडे जाड असलेली ही चादर पूर्वेकडे विरळ होत जाते. पण दोन्ही ठिकाणी भूकंपाचे मूळ तिच्याखालीच होते. पृष्ठभागावरचा काळा पाषाण कितीही अभंग दिसला, तरी खालच्या खडकाची अवस्था त्यावरून कळत नाही.

कोयनेचा भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. त्यात सुमारे पावणेदोनशे ते दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. शिवसागर जलाशयात १९६२ नंतर पाणी साठू लागले आणि त्यापाठोपाठ धक्केही जाणवू लागले होते. पाण्याने भूकंपाची ऊर्जा निर्माण केली नाही. ती खडकात आधीच साठलेली होती. भेगांत झिरपलेल्या पाण्याच्या दाबामुळे त्यांच्या दोन बाजूंमधील घर्षण कमी झाले आणि ताण मोकळा होण्यास निमित्त मिळाले. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत हा जगातील सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी एक गणला जातो. त्या परिसरात लहान-मोठे धक्के अद्यापही बसत असतात आणि म्हणूनच तेथे खोल वेधनछिद्रांतून भूकंपाच्या उगमाचा अभ्यास करण्याचा प्रकल्प केंद्र सरकारने हाती घेतला. त्यासाठी कराडजवळ स्वतंत्र प्रयोगशाळाही स्थापन झाली.

किल्लारीचा भूकंप साधारण तेवढ्याच तीव्रतेचा, ६.२ चा होता. मात्र लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसांचा बळी गेला. भूकंप अतिशय उथळ होता आणि तो पहाटे चारच्या सुमारास, सारे झोपेत असताना झाला, ही त्याची दोन कारणे. तिसरे कारण घरांच्या बांधणीत होते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर मातीचे वजनदार माळवद, अशी तेथील परंपरागत घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरे आडव्या हिसक्याला टिकू शकली नाहीत. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. ज्या दगडाच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या, तोच त्या पहाटे काळ ठरला.

त्या वेळी किल्लारीचा परिसर भूकंपप्रवणतेच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशातून हा पहिला विभागच काढून टाकण्यात आला. देशाचा कोणताही भाग भूकंपापासून पूर्णतः मुक्त मानता येणार नाही, याची ती कबुली होती.

विहीर, दरड आणि घर

खडकांचे ज्ञान केवळ भूकंपापुरते उपयोगी नाही. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी जवळजवळ मुरत नाही. ते साठते कुजलेल्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि भेगांमध्ये. त्यामुळे एका शेतातील विहिरीला बारमाही पाणी आणि बांधापलीकडची विहीर मार्चमध्ये कोरडी, असे चित्र महाराष्ट्रात सर्रास दिसते. थरांची रचना न पाहता अधिकाधिक खोल विंधन विहिरी घेतल्याने पाणी लागेलच असे नाही.

डोंगरउतारांवर कुजलेल्या बेसाल्टचा आणि मातीचा जाड थर असतो. अतिवृष्टीत तो पाण्याने जड होतो आणि खालच्या पक्क्या खडकावरून सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर कोसळलेल्या दरडीने दीडशेहून अधिक जीव घेतले. २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे तीच शोकांतिका घडली. उतार तोडणे, नैसर्गिक ओहोळ बुजवणे आणि वृक्षतोड यांमुळे हा धोका वाढतो.

भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणे आजच्या विज्ञानाला शक्य नाही. तसा दावा करणारे संदेश अफवाच समजावेत. मात्र कोणत्या भागात किती तीव्रतेचा हादरा बसू शकतो, याचा अंदाज घेऊन त्यानुसार घरे बांधणे शक्य आहे. दगडी किंवा विटांच्या भिंतींत जोत्याच्या, दरवाजा-खिडक्यांच्या माथ्याच्या आणि छताच्या पातळीवर सलग काँक्रीटचे पट्टे, भिंतीच्या जाडीत आरपार जाणारे दगड, कोपऱ्यांची घट्ट सांधणी आणि हलके छप्पर हे उपाय फार खर्चिक नाहीत. शहरांत तळमजला वाहनतळासाठी नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या इमारतींत त्या मजल्याला पुरेसे बळ दिले आहे का, हा प्रश्न घर घेणाऱ्याने बांधकामाच्या आराखड्यावर सही करणाऱ्या अभियंत्याला विचारणे अगत्याचे आहे. किल्लारी आणि कोयनेत जमीन साधारण सारख्याच तीव्रतेने हलली. मृतांच्या संख्येत मात्र हजारोंचे अंतर पडले. त्या अंतरात घरांच्या बांधणीचा वाटा मोठा होता आणि माणसाच्या हाती आहे तो तेवढाच.